जनरलचं पत्र आणि पाण्यातलं जाळं

हे मी पार्बताला सांगितलं नाही. पार्बता माझी बायको. एकेचाळीस वर्षं माझ्या चुलीपाशी होती, तिलाच सांगितलं नाही, तर दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल? तुम्ही पहिले. आणि तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणूनच हे जमते आहे असं समजा. फक्त मान हलवत वाचू नका. ‘अरेरे’ म्हणू नका. मला त्याची चीड आहे.

मी चौथी शिकलो. आम्ही ढिवर. कुरखेड्याकडच्या एका गावात, मालगुजारीच्या काळातल्या तलावावर मासोळी धरण्यात जिंदगी गेली. वाचता येते, पण बोट ठेवून. लिहिता येते, पण दिवसाला अर्धं पान.

माझा मुलगा दिवाकर फौजेत होता. पहाडावरच्या लढाईत गेला. ती लढाई तुम्हाला माहीत असेल, रोज टीव्हीवर दाखवत होते. गावानं त्याच्या नावाची कमान बांधली. पंधरा ऑगस्टला मला खुर्ची देतात, शाल देतात, सरपंच माइक धरून वीरपिता-वीरपिता करतो. ज्याला स्वतःच्या बापाला दवाखान्यात न्यायची फुरसत झाली नाही, तो मला वीरपिता म्हणतो. मी शाल घेतो. घरी आणून तिच्यात जाळी गुंडाळून ठेवतो.

पण कमानीचं नाही सांगायचं. एका पत्राचं सांगायचं आहे. आणि त्या पत्राच्या आधी — एका चिठ्ठीचं.

दिवाकरची बायको सुनंदा. अहेरीकडची. दहावी पास. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, हे आत्ताच लिहून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला शोधावं लागणार नाही. मासोळीच्या रश्श्यात चिंच जास्त घालायची. घरात पेपर मोठ्यानं वाचायची. एकदा मी बसची पाटी वाचली, आरमोरी म्हणून चढलो, आणि उतरलो भलतीकडेच. पायी परत आलो. घरी सांगितलं तर ती हसली. पार्बताही हसली, दिवाकर तर पोट धरून हसला. पण माझ्या ध्यानात राहिलं ते तिचंच हसणं. काऊन? ती दहावी आणि मी चौथी, म्हणून. दुसरं काही नाही.

तर मी तिला बोलायचो. रोज. मासोळी साफ करता येत नाही, खवले राहतात, पाणी वाया घालवते. मुलगा सरहद्दीवर, आणि मी त्याच्या बायकोला खवल्यांवरून बोलत होतो.

तिनं एक निळं इनलँड लिहिलं आणि पेटीत टाकायला माझ्याजवळ दिलं. मी कुरखेड्याच्या स्टँडवर बसून ते उघडलं. हो — उघडलं. बोट ठेवून वाचलं, वाचता वाचता बस निघून गेली. लिहिलं होतं, मामाजी रोज बोलतात, मी धुतलेली मासोळी ते पुन्हा धुतात, माझा जीव लागत नाही, तुम्ही सुट्टी घेऊन या, नाही तर मी भावाकडं जाईन. मग डब्यातल्या भाताचं शीत लावून ते परत चिकटवलं. आणि पेटीत टाकलं. फाडायला पाहिजे होतं का? तेव्हा वाटलं, जाऊ दे, पोरगा तिलाच चार शब्द सुनावेल.

पुढं तीन आठवड्यांनी दिवाकर गेला. पेटीत आला, झेंड्यात गुंडाळून. ते सगळं तुम्ही दुसऱ्यांचं वाचलं असेल, माझंही तसंच होतं.

तेरवीच्या दिवशी पाळीवर — आमच्याकडं तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात — सगळे नातेवाईक बसले होते. कोणीतरी म्हणालं, असा कसा गेला हो पोरगा, इतका चपळ. मासोळीसारखा होता. आणि मी बोललो.

“हिच्या चिठ्ठीनं मारलं माह्या पोराले. घरचं रडगाणं लिवून धाडलं, त्याचं चित ठिकाणावर नाई राह्यलं.”

बायका सुनंदाजवळ बसल्या होत्या. त्या सरकल्या. फार नाही, हातभर. पण सरकल्या. तिच्या चारी बाजूंनी मोकळी जमीन दिसायला लागली. ती माझ्याकडं बघून एवढंच बोलली, “मामाजी, मी तसं नाई लिवलं जी.”

आता मला सांगा — चिकटवलेल्या चिठ्ठीत काय लिहिलं ते मला कसं माहीत? तिथं साठ माणसं बसली होती. एकानं तरी विचारलं का? नाही. आणि तिला तर कळलंच होतं. मी चिठ्ठी उघडली, हे तिला त्याच घडीला कळलं. तिनं ते तोंडातून काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. साठ माणसांत तिनं माझी इज्जत ठेवली, आणि मी —

असो. पुढं लिहितो.

त्या दिवसापासून पार्बतानं तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. जेवायला द्यायची, पण ताट सरकवून. तिचं नाव घेणं सोडलं, नुसतं ‘ते’ म्हणायची. मी पार्बताला दोष देत नाही. तिचं एकुलतं एक लेकरू गेलं होतं, तिला कोणावर तरी राग काढायचा होता, आणि मी तिच्यासमोर माणूस आणून उभा केला होता.

असे तीन-चार महिने गेले. थंडी सुरू झाली. सुनंदाच्या भावाचा निरोप आला, शुक्रवारी न्यायला येतो. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, दुपारी मी पाळीवर जाळं दुरुस्त करत बसलो होतो, पोस्टमन सायकलवरून आला. म्हणाला, “भाऊ, मोठ्या सायबाचं आलं दिसते. घ्या, सही करा.”

जाड लिफाफा. वर माझं नाव. आत दोन कागद, हिंदीत, शाईनं लिहिलेले. खाली सही, आणि सहीखाली — जनरल. दिवाकर ज्यांच्या हाताखाली लढला, त्या सगळ्या फौजेचा मोठा साहेब. अशा माणसानं स्वतःच्या हातानं मला पत्र लिहिलं होतं. पहिल्यांदा काय वाटलं, खरं सांगू? वाटलं, पळत जाऊन सरपंचाच्या तोंडावर धरावं.

मग वाचायला लागलो. पुष्कळ शब्द कळले नाहीत. हिंदी बोलतो आम्ही, पण ती बाजारची. ही भारी होती. शब्दाशब्दावर बोट ठेवून, पुन्हा मागं जाऊन, सूर्य तलावाच्या त्या बाजूला जाईपर्यंत वाचलं.

लिहिलं होतं की तो पहाड सरळ उभा होता, झाड नाही, झुडूप नाही, लपायला काही नाही. वर दुश्मनाची मशीनगन. दोन दिवस आमची माणसं चढत होती आणि मागं येत होती. पाणी संपलं तेव्हा बर्फ चाटला. जनरलनं लिहिलं होतं की मी पुष्कळ लढाया पाहिल्या, पण असली एक-एक हात जमिनीसाठी झालेली लढाई पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकरची टोळी एका खडकाच्या आड आली. बाकीचे पोचले, पण तीन जण वर उघड्यावर पडून राहिले. जिवंत होते. हाका मारत होते.

दिवाकर गेला आणि एकाला घेऊन आला. पुन्हा गेला, दुसऱ्याला घेऊन आला. तिसऱ्या वेळी त्याच्या साहेबानं त्याचा पट्टा पकडला. नको जाऊ म्हणाला, आता त्यांना तुझी वाट कळली आहे. तेव्हा दिवाकर जे बोलला, ते जनरलनं जसंच्या तसं लिहिलं होतं, वेगळ्या ओळीवर.

‘साहब, हमारे गाँव में जाल पानी में छोड़कर किनारे नहीं आते.’

ती ओळ मला कळली नाही. मी ‘जाल’ला जाळ वाचलं. आग. पाण्यात आग सोडून काठाला येत नाहीत — म्हणजे काय? पाण्यात आग कोण सोडते? असं आपल्या गावात कोण म्हणते? तीन वेळा वाचलं. वाटलं जनरलनं दुसऱ्याच कोणाचं लिहिलं. माझ्या मांडीवर जाळं होतं. सुई त्याच्यात अडकलेली. मी त्या ओळीकडं बघत होतो आणि हातात जाळं होतं, तरी मला कळत नव्हतं. मग बोटाला सुई टोचली आणि खाली बघितलं.

जाल. जाळं.

हे वाक्य माझं आहे.

दिवाकर चौदा वर्षांचा असताना त्यानं तलावात जाळं सोडून दिलं होतं. पौष महिना, पाणी बर्फासारखं, जाळं बुडालेल्या खुंटाला अडकलं. डोंगा घेऊन तसाच काठाला आला. म्हणाला उद्या काढतो. आमच्यात ते चालत नाही. पाण्यात राहिलेलं जाळं मारत राहते — मासोळी अडकते, मरते, सडते, कोणाच्या पोटात जात नाही. माझ्या बापानं मला तसंच शिकवलं. पण बापानं मला मारलं नव्हतं. मी मारलं. वल्ह्यानं, पाठीत. आणि म्हणालो, “जाळं पाण्यात सोडून काठाले येत नसतेत. जा परत.” तो गेला. पोहत गेला, बुडी मारली, एकदा, दोनदा, वर आला तर हात रिकामे. तिसऱ्या बुडीत जाळं घेऊन आला. ओठ काळेनिळे. पार्बता पाळीवर उभी होती. तिनं त्याला पदरात घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “जाळ्यासाठी लेकरू मारशीन का तू?”

ही आमच्या तिघांची गोष्ट. चौथ्या कोणाला माहीत नव्हती.

पत्रात पुढं होतं — तिसऱ्या वेळी तो वर गेला. त्या माणसाला खांद्यावर घेतलं आणि खाली आला. खडक दहा हात राहिला होता तेव्हा त्याला गोळी लागली. तिसरा माणूस जगला. तिन्ही जगले. जनरलनं पुढं लिहिलं होतं, ज्यानं या जवानाला ही गोष्ट शिकवली, त्याला माझा सलाम.

मला सलाम. कळते ना तुम्हाला?

आणि अजून संपलं नव्हतं. शेवटच्या कागदावर सुनंदा होती. लिहिलं होतं, आपल्या सुनेला हे पत्र जरूर वाचून दाखवा. तिची चिठ्ठी त्याला लढाईच्या आदल्या दिवशी मिळाली होती. त्यानं ती सगळ्या टोळीला वाचून दाखवली. हसत होता. साथीदारांना सांगत होता — घरी बाप आणि बायको मासोळीवरून भांडतात, म्हणजे घरचे सगळे ठीक आहेत. चिठ्ठी त्याच्या छातीच्या खिशात होती, आणि त्याच्या तुकडीत ते वाक्य आता सगळे म्हणतात, घरी मासोळीवरून भांडण आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

म्हणजे तिच्या चिठ्ठीनं त्याचं चित्त गेलं नव्हतं. तिच्या चिठ्ठीनं तो हसला होता. त्याला वर ज्यानं पाठवलं ते माझं वाक्य होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय? गावानं तर डोक्यावर घेतलं असतं, बापाची शिकवण म्हणून कमानीवर ते वाक्य कोरलं असतं. खरं आहे. गावाला काय कळणार? पण पार्बताला कळलं असतं. तिनं ती एक ओळ ऐकली असती आणि माझ्याकडं बघितलं असतं. पाळीवर बघितलं होतं तसं. ते मला नको होतं. आणि ते नको होतं म्हणून मी काय केलं — पत्र घडी करून धोतराच्या कमरेला खोचलं.

घरी आलो. सुनंदा अंगणात मरळ साफ करत होती. खवले एकही राहू नये म्हणून नखानं काढत होती. मला बघून उठली. म्हणाली, “मामाजी, पोस्टमन येऊन गेला म्हणतेत. काई आलं का जी?”

मी म्हणालो, “नाई.”

घराच्या आढ्याला जाळ्याच्या सुया ठेवायची बांबूची पोंगळी टांगलेली असते. पत्र तिच्यात गेलं. पार्बतानं विचारलं काय होय, मी म्हणालो सरकारी कागद होय, तुह्या कामाचा नाई. तिला अक्षर येत नव्हतं. पोंगळी तिच्या डोक्यावर टांगलेली होती, नऊ वर्षं, आणि तिला अक्षर येत नव्हतं.

मध्ये तीन दिवस होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी दुपारपर्यंत वेळ होता. शुक्रवारी तिचा भाऊ आला. ती पेटी घेऊन निघाली. पार्बता आतून बाहेर आली नाही. सुनंदा माझ्या पाया पडायला वाकली आणि मी पाय मागं घेतले. तिचे हात जमिनीला लागले. तिनं तिथलीच माती कपाळाला लावली आणि गेली.

मी पाय का मागं घेतले? लोकांना वाटलं रागानं.

त्यानंतर ऐकू येत होतं. अहेरीचा बाजार आमच्याकडचेही लोक करतात, बातमी जाते. तिचं दोनदा जमत आलं आणि दोनदा मोडलं. पोरगी चांगली आहे, पण नवऱ्याला चिठ्ठीनं मारलं म्हणतात बुवा. असं. माझं वाक्य माझ्या आधी अहेरीला पोचलं होतं. मला तेव्हा जाता आलं असतं. दिवसाला एक गाडी होती. मी तलावावर गेलो, मासोळी धरली, पंधरा ऑगस्टला खुर्चीवर बसलो. वाईट वाटलं का? वाटायचं, आणि मग तिचा राग यायचा. तिच्यामुळं वाईट वाटते, म्हणून तिचाच राग. असा माणूस मी.

या उन्हाळ्यात पार्बता गेली. दमा होता, शेवटी श्वास पुरेना. मरायच्या आदल्या दुपारी मला जवळ बोलावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं.

“सुनंदाले सांगजो, म्या तिले माफ केलं. पोट्टीच होती ते. लिवलं असन रागाच्या भरात. सांगशीन ना?”

मी म्हणालो, सांगतो.

पोंगळी तिथंच होती. हात वर केला असता तर हाताला लागली असती. मी म्हणू शकतो की मरणाऱ्या बाईला कशाला जाळायचं, शांतीनं जाऊ द्यावं म्हणून गप्प राहिलो. चांगलं दिसते ते. पण खोटं आहे. तिनं माझ्याकडं बघू नये एवढंच मला तेव्हाही पाहिजे होतं. ती एका निर्दोष पोरीला माफ करून मेली. आणि मी तिचा हात धरून बसलो होतो. आता घरात भांडायलाही कोणी नाही. चुलीवर दोन वेळचं एकदाच शिजवतो. खवले राहतात, तसंच खातो.

तेरवी झाल्यावर अहेरीला गेलो. पत्र बंडीच्या आतल्या खिशात. पाटी मी तीनदा वाचली, बरोबर गाडीत बसलो. या खेपेला देणारच होतो — असं मी स्वतःला पूर्ण रस्ता सांगत गेलो.

भावाच्या घराच्या ओसरीवर ती शिलाई मशीन चालवते. तिशी-पस्तिशीचीच असेल, पण केस पांढरे झाले आहेत. मला बघून डोक्यावर पदर घेतला, बसा जी मामाजी म्हणाली, पाणी आणलं. पार्बता गेल्याचं तिला कळलं होतं. डोळे पुसून मशीनवर बसली, बहुतेक काही तरी करायला पाहिजे म्हणून. मी निरोप सांगितला. पार्बतानं तुले माफ केलं म्हणून सांगाले आलो.

तिचा पाय मशीनवर थांबला. मला वाटलं आता ती बोलेल. कशाची माफी म्हणेल, चिठ्ठी कोणी उघडली होती म्हणेल. नऊ वर्षांचं सगळं काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मोठं मन होतं त्यांचं. मग पुष्कळ वेळ शिवायच्या कापडावरचा दोरा काढत राहिली. आणि म्हणाली,

“मामाजी, एकच पुसतो. ते चिठ्ठी त्याइले भेटली होती का? वाचली का नाई वाचली — तेवढंच मले मालूम नाई. नऊ वर्सं झाले, तेवढंच इचारात येते.”

पत्र माझ्या छातीवर होतं. श्वास घेतला की कागद वाजत होता, मला ऐकू येत होता. तिला हात पुढं करावा लागला असता, एवढंच अंतर.

मी म्हणालो, “मले का मालूम.”

ती म्हणाली, बराबर आहे जी, तुमाले कसं मालूम राहीन. आणि चहा ठेवायला आत गेली. मी चहा घेतला. साखर जास्त होती, तेही मी मनात बोललो. चार वाजताच्या गाडीनं परत आलो. पत्र पुन्हा पोंगळीत ठेवलं.

मिळाली. वाचली. हसला. तीन शब्द होते. तिथं बसून चहा प्यालो आणि ते तीन शब्द मी तिला दिले नाहीत.